म्हातारीच्या तोंडात ताईच्या दाढा

"माझ्या दाढा तिच्या तोंडात बसवल्यात, आणि आता स्वतः तोंड शिवून बसता?"

ताईचं हे बोलणं कानावर पडलं तेव्हा मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. दुपारची वेळ. मधली भिंत म्हणायची ती नुसत्या फळ्यांची. इकडे शिंकलं की तिकडून विचारणा व्हायची, सर्दी झाली का म्हणून. माझ्या हातातली उशीची खोळ हातातच राहिली. माझी थोरली बहीण आणि भावोजी यांचं भांडण मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. भावोजी पूर्वी कवळ्या करायचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ही 'ती' कोण? तीस-बत्तीस वर्षांचा संसार, दोघांचे केस पिकलेले, आणि आता हे काय नवीन?

भावोजींचा आवाज नेहमीसारखा खालच्या पट्टीत. ते म्हणाले, "अगं, ती मेलेली आहे."

मी फळीला कान लावला. खोटं कशाला सांगू.

"ती मेली पाच लाख वर्षांपूर्वी," ताई म्हणाली. "तुमचा तो हमाल, सावकाश, जिवंत आहे. तो रोज सकाळी फाटकासमोर येऊन बसतो. त्याच्याकडे बघवतं तुम्हाला?"

पाच लाख वर्षं ऐकल्यावर मात्र मला राहवेना. खोळ हातात घेऊनच मी त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ऐकलंसच ना सगळं, मग बस खाली, उरलेलंही ऐक.

ती खोली म्हणजे भावोजींची काम करायची जागा. खिडकीखाली टेबल, टेबलावर मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, बारीक पोलादी कोरण्या, प्लॅस्टर कालवायच्या रबरी वाट्या. सगळ्यावर पांढरी धूळ. भावोजींच्या भुवयांवरसुद्धा. भिंतीवरच्या फळ्यांवर कवट्या आणि जबडे ओळीने मांडलेले. मी त्या घरी कित्येकदा राहिले होते, पण त्या खोलीत कधी डोकावले नव्हते. कवट्यांशी कोण बोलणार.

भावोजी संग्रहालयात साचे करायचे. जमिनीतून निघालेली जुनी हाडं नाजूक असतात, हात लावला की भुगा होतो. म्हणून त्यांचा एकदाच ठसा घ्यायचा आणि प्लॅस्टरची हुबेहूब नक्कल करायची. मग शाळांत, कॉलेजांत, परदेशच्या विद्वानांकडे सगळीकडे नकलाच जायच्या. खरं हाड कापसात गुंडाळून लोखंडी कपाटात. हे काम त्यांच्या हातासारखं कुणाच्या हातून होत नसे. हाडावरची केसाएवढी भेगही नकलेवर उमटायची.

त्याआधी चौदाव्या वर्षापासून अकरा वर्षं ते एका दातांच्या डॉक्टरांकडे होते, दुकानाच्या मागच्या खोलीत. पुढे डॉक्टर दात उपटायचे, मागे हे कवळ्या बसवायचे. त्या कामाने त्यांना एक खोड लावली. माणसाच्या डोळ्यांकडे ते बघतच नसत, बघायचे तोंडात. लग्नाआधी ताईला पहिल्यांदा भेटले तेव्हा इकडचं तिकडचं बोलून तिला तीनदा हसवलं म्हणे. ताईला वाटलं, काय गमत्या माणूस आहे. लग्नानंतर कळलं, तिच्या दाढा बघत होते. आणि लग्नाला महिना झाला नसेल तोच तिच्या तोंडात मेण घालून तिच्या जबड्याचा ठसाही घेऊन ठेवला. इतक्या चांगल्या दाढा पुन्हा बघायला मिळणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दुसरीच्या नवऱ्याने फूल आणलं असतं.

तर ती 'ती'. भावोजींनी फळीवरून एक तपकिरी जबडा काढून माझ्या हातात दिला. खालचा जबडा, तोही अर्धाच, उजवीकडचा. पुढे झिजलेले दोन-तीन दात, मागे तीन मोठ्या दाढा. हनुवटी नाहीच, हाड दातांखालून सरळ मागे गेलेलं. संग्रहालयात सगळे तिला म्हातारी म्हणत, इतकी जुनी म्हणून. भावोजींनी मला सांगितलं की ही आपल्या सगळ्यांची पूर्वज. माणूस माणूस व्हायच्या आधी जे कोणी होते, दोन पायांवर चालायचे, दगड फोडून हत्यारं करायचे, त्यांच्यातली. मी म्हटलं, आमच्या घराण्यात असं कोणी नव्हतं. ताई म्हणाली, "नीट बघ. मागच्या तीन तुझ्या घराण्यातल्याच आहेत."

मी बघितलं. मधल्या दाढेला आतून टवका उडालेला. तो टवका मला पाठ होता. लहानपणी ताईच्या भातात खडा आला होता, आणि ती दोन दिवस रडली होती. जबडा टेबलावर ठेवला आणि हात कपड्याला पुसले. का पुसले कोण जाणे. बहिणीचेच तर दात.

झालं होतं असं. भावोजी संग्रहालयात लागले त्याच आठवड्यात जुन्या साहेबांनी तो जबडा त्यांच्याकडे दिला. साहेबांनी स्वतः गुहेतून खणून आणलेला. म्हणाले, एकदाच ठसा घे, मग कापसात बांधून कपाटात ठेव, पुन्हा उघडू नकोस. आणि साहेब परत गुहेकडे गेले. भावोजींनी ठसा घेतला, प्लॅस्टर ओतलं, सुकल्यावर बाहेर काढलं. मागे दाढा नाहीत, नुसतं बोडकं हाड. आता अकरा वर्षं या माणसाच्या हाताने काय केलं होतं? बोडक्या जबड्यावर दाढा बसवल्या होत्या. दाढा न बसवता जबडा दुकानाबाहेर गेला तर तो अर्धवट काम म्हणून परत यायचा, वर शिव्या. त्यांनी विचारसुद्धा केला नाही. ताईचा ठसा जवळच होता. त्यावरून तीन दाढा ओतल्या, थोड्या घासल्या, बसवल्या, सगळ्याला एकसारखा तपकिरी रंग दिला. साहेब परत आले की शाबासकी देतील असं वाटत होतं.

साहेब परत आलेच नाहीत. तिकडेच तापाने गेले. तोवर वरच्या ऑफिसने त्याच नकलेवरून साचा करवून बारा नकला बाहेर पाठवल्याही होत्या. महिन्याभरात विद्वानांची पत्रं यायला लागली. जबडा वानरासारखा आणि दाढा माणसासारख्या, असं कुणी कधी पाहिलं नव्हतं म्हणे. तेव्हा भावोजींना पहिल्यांदा समजलं की आपण काय करून बसलोय. आणि त्यांची दातखीळ बसली ती एकतीस वर्षं. ताईला मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिला त्यात फारसं काही वाटलं नव्हतं. विद्वानांना खेळायला मिळालं, खेळू देत, अशी तिची समजूत.

पण आता सावकाश मधे आला होता.

सावकाश म्हणजे संग्रहालयातला हमाल. कुठलीही वस्तू उचलताना स्वतःलाच "सावकाश, सावकाश" म्हणायचा, म्हणून ते नाव. वीस वर्षांत त्याच्या हातून एक काचेचा तुकडा फुटला नव्हता. तीन महिन्यांपूर्वी हाडांचा विभाग वरच्या मजल्यावरून खाली हलवला, तेव्हा म्हातारीची लाकडी पेटी तो जिन्यावरून उतरवत होता. पेटीचा तळ वाळवीने खाल्लेला. तो निघाला, आणि खरी म्हातारी, एकतीस वर्षांत कुणी न उघडलेली, आठ पायऱ्या घरंगळत गेली. तुकडे झाले. तळ कुजका होता हे सगळ्यांनी पाहिलं, त्याबद्दल कुणी त्याला बोललं नाही. पण तुकडे गोळा केले तर त्यात दाढा नाहीत. जिना चाळणीने चाळला. खालचं गटार उपसलं. सावकाशचे खिसे उलटे केले, चपला फाडून बघितल्या. जगात एकुलत्या एक असलेल्या तीन दाढा, आणि पेटी शेवटी याच्या हातात. चौकशी लागली आणि त्याला घरी बसवलं. तो घरी बसेना. रोज कामाच्या वेळी, कामाच्याच कपड्यांत, फाटकासमोरच्या बाकावर येऊन बसायचा आणि पाच वाजता उठायचा. भावोजी रोज त्याच्यासमोरून आत जायचे.

ताईला हे त्या दिवशी सकाळीच कळलं होतं. बाजारात सावकाशच्या बायकोने तिला विचारलं, तुमच्या यजमानांना काही ठाऊक आहे का, त्या दाढा कुठे गेल्या असतील? आणि ताई त्याच दाढांनी तिच्याशी बोलत उभी.

भावोजींचं म्हणणं मी ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता हो. ते म्हणाले, मी बोललो की माझ्या हातची प्रत्येक नक्कल खोटी ठरेल. हजारांवर आहेत. कुणी म्हणणार नाही की ही एकच चुकली. आणि मोठ्या बाईंचं काय? मोठ्या बाई म्हणजे हाडांच्या विभागाच्या प्रमुख. विद्यार्थिनी म्हणून आल्या तेव्हा भावोजींनीच त्यांना ब्रश कसा धरायचा ते शिकवलं होतं. त्यांनी नकलेवरूनच म्हातारीच्या दाढांवर जाड पुस्तक लिहिलं होतं. त्या एका पुस्तकावर त्यांचं नाव उभं.

ताई एवढंच म्हणाली, "मग उद्यापासून मीच बसते त्या बाकावर. दाढा माझ्याकडे आहेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मला ताईने सोबत घेतलं; म्हणाली, मी चिडले तर माझा हात धर. फाटकापाशी सावकाश उठून उभा राहिला, भावोजींना नमस्कार केला. भावोजींनी पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, आत चल.

मोठ्या बाईंची खोली उजेडाची. टेबलावर कापूस घातलेला ट्रे, त्यात म्हातारीचे तुकडे, प्रत्येकाला नंबर. भावोजींनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, एखादी ऑर्डर वाचून दाखवावी तसं. आधी सावकाशचं, मग दाढांचं. बाईंना पहिल्यांदा वाटलं हा माणूस सावकाशला वाचवायला काहीतरी रचतोय. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, तुमचं मन मोठं आहे, पण असं बोलू नका. मग भावोजींनी ताईकडे बघितलं आणि ताईने तोंड उघडलं.

बाई उठल्या. बॅटरी घेतली, भिंग घेतलं. किती वेळ वाकून बघत होत्या सांगता येत नाही. ताईच्या तोंडाला रग लागली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने मिटलं नाही. बाई सरळ झाल्या. खुर्ची मागे आहे की नाही हेही न बघता त्या बसल्या. नशीब, होती.

"या टवक्यावर," त्या म्हणाल्या, "माझ्या पुस्तकात अकरा पानं आहेत. त्यांनी हाडं फोडून आतला मगज खाल्ला, त्याची ही खूण, असं."

"मला विचारलं असतं तर एका ओळीत झालं असतं," ताई म्हणाली. "भातात खडा होता."

मी तिचा हात धरला. पण ती चिडलेली नव्हती, आणि बाईही चिडल्या नाहीत. त्यांना चिडण्याइतकीही शुद्ध नव्हती. सावकाश दाराशी उभा होता. तो इतक्या हळू आवाजात म्हणाला की मला वाटलं स्वतःशीच बोलतोय, "म्हणजे दाढा नव्हत्याच?" मग तो भिंतीला टेकून खाली बसला. तीन महिने त्याला स्वतःलाच वाटू लागलं होतं की आपल्याच कपड्यांत कुठेतरी त्या अडकल्या असतील. घरातली प्रत्येक शिवण त्याने उसवून बघितली होती, म्हणाला. हे ऐकून भावोजींनी जे केलं ते मी विसरणार नाही. ते त्याच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसले.

मग बाईंनी विचारलं, की मग खऱ्या हाडात त्या जागी काय होतं. फुटलेलं होतं का, खळगे होते का.

भावोजी उठले. "नाही बाई. भरून आलेलं होतं. सपाट, गुळगुळीत."

"तुम्हाला पक्कं आठवतं?"

"दाढ पडली की खळगा राहतो. माणूस पुढे जगलं तर सहा-आठ महिन्यांत हाड भरतं. आणखी वर्षं गेली की वरून असं तुळतुळीत होतं. अशा बायका आमच्या दुकानात रोज यायच्या. मी तेव्हाच ओळखलं होतं, हिच्या दाढा जाऊन बरीच वर्षं झालीत."

बाईंनी ट्रे पुढे ओढला. त्यात करंगळीएवढा एक तुकडा बाजूला ठेवलेला होता. नंबर नव्हता त्याला. दाढांचे खळगे असलेला तुकडा शोधत बसल्यामुळे तो कुठेच बसेना, दुसऱ्याच कुठल्या जनावराचा असेल म्हणून वेगळा काढलेला. भावोजींनी तो दोन बोटांत उचलला, कवळी तोंडात बसवावी तसा किंचित तिरका धरून पुढच्या तुकड्याला लावला. बसला. फटसुद्धा दिसेना.



"दाढांशिवाय ती खात काय होती?" बाईंनी विचारलं. इतक्या शिकलेल्या बाईने इतक्या साध्या माणसाला विचारलं.

"कुणीतरी ठेचून देत असेल," भावोजी म्हणाले. "नाहीतर एवढं हाड भरायला जगली नसती."

तोवरचे सगळे धक्के एकीकडे आणि हा एकीकडे. मला मघापर्यंत ती जनावर वाटत होती. हनुवटी नाही, कपाळ नाही, कपडा नाही, तोंडात शब्द तरी होता की नाही देव जाणे. आणि रोज कुणीतरी तिच्यासमोर बसून दगडाने मांस नाहीतर कंद ठेचत होतं, एक-दोन दिवस नाही, वर्षानुवर्षं. माझ्या सासूबाईंना शेवटच्या वर्षी पेजेचा कंटाळा यायचा आणि मला त्यांचा. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

सावकाश दुसऱ्या दिवसापासून कामावर. बाईंनी स्वतः सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली आणि मग काचेच्या कपाटातली म्हातारीच्या दाढांची पाटी उतरवली. त्यांचं पुस्तक बुडालं ते बुडालंच. परगावच्या विद्वानांनी त्यांची जी चेष्टा केली ती त्यांनी मान खाली घालून ऐकली, आणि दोन वर्षांनी त्या बोडक्या हाडावर नवं लिहिलं. त्यात कवळ्या करणाऱ्या कारागिराचं नाव आहे म्हणतात. मला वाचता येईल असं ते नाही. भावोजींशी मात्र त्या दीड वर्ष बोलल्या नाहीत. कामाच्या चिठ्ठ्या पाठवायच्या, तेवढंच. भावोजी म्हणायचे, बरोबरच आहे त्यांचं.

त्यांनी स्वतःला एक शिक्षा लावून घेतली, कुणी न सांगता. म्हातारीच्या जुन्या नकला एक्केचाळीस ठिकाणी गेल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी नवी नक्कल पाठवायची, बिनदाढांची, सोबत आपल्या हाताने लिहिलेलं पत्र: मागच्या तीन दाढा माझ्या पत्नीच्या होत्या, चूक माझी, कृपया नवी ठेवावी. महिन्याला एक व्हायची. नोकरी संपली तरी घरच्या टेबलावर करत राहिले. गुरुवारी पार्सल घेऊन पोस्टात जायचे, कारण गुरुवारी गर्दी कमी आणि काउंटरवरची बाई पार्सल फेकत नाही. काही ठिकाणांहून उत्तरं आली. एका मास्तरांनी लिहिलं, आमच्या मुलांना दोन्ही दाखवतो, शेजारी शेजारी ठेवून. ते पत्र भावोजींनी आरशाच्या कडेला खोचून ठेवलं होतं.

तेवढ्यात ताईच्याच दाढा जायला लागल्या. टवक्याची आधी गेली. भावोजी हरखून मेण वितळवायला बसले, इतक्या वर्षांनी कवळी करायला मिळणार म्हणून. ताईने नाही म्हणून सांगितलं. "म्हातारीला कुणी बसवल्या होत्या?" एवढंच बोलली, आणि त्यावर वाद नाही.

एक्केचाळिसावं पार्सल निघालं त्या गुरुवारी मी तिथेच होते. त्याच संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या भावोजी गेले, पण त्याला अजून सहा तास होते आणि कुणाला ठाऊक नव्हतं. अंगात कणकण होती. ताई म्हणाली, पुढच्या गुरुवारी जा. ते म्हणाले, बांधून झालंय. पेटी त्यांनी नेहमीसारखी हलवून कानाशी धरून बघितली, आत काही वाजत नाही ना. सुतळीची गाठ दातांनी ओढली. मग स्वयंपाकघरात गेले, सफरचंद सोललं, त्याचे नखाएवढे बारीक तुकडे केले, बशीत घालून ताईजवळ ठेवले आणि वर वाटी पालथी घातली, माशी बसू नये म्हणून. हातावरचं पाणी झटकलं, पार्सल काखेत मारलं आणि पायऱ्या उतरायला लागले. उतरताना स्वतःलाच म्हणत होते, सावकाश, सावकाश.

पाऊण तासात परत आले. पावती घड्याळाखाली ठेवली, आणि बशी रिकामी झाली का ते वाटी उचलून बघितलं.